आंटींच्या खापरपणजीचं नाव काय होतं?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत आपल्या घराण्याची वंशावळ कशी शोधायची यावर एक लेख आला होता. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या, दक्षिणेकडचे हेळवी, आपल्या खानदेशातले भाट, सगळं छान दिलं होतं, मी कात्रण काढून ठेवलंय. आमच्या समोर एक अँग्लो इंडियन, म्हणजे गोऱ्या-हिंदी मिश्र वंशाच्या, आंटी राहतात, वय चौऱ्याऐंशी, मराठी बोलतात फर्स्टक्लास पण वाचता येत नाही, म्हणून मी त्यांना तो लेख वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून त्या म्हणाल्या, "भाऊ, हे सगळं तुमच्या लोकांचं झालं, आमच्या लोकांची वही कोणत्या भटाकडे असते रे?" मला हसू आलं पण उत्तर काही देता येईना. गेलं दीड वर्ष मी त्याच उत्तराच्या मागे आहे, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर मधलं कापा, शेवटचं राहू द्या.

मी रेल्वेतून रिटायर झालो, जन्म भुसावळचा, सगळी नोकरी याच लाइनवर. आमच्या लहानपणी भुसावळात अँग्लो इंडियन फॅमिली भरपूर होत्या, ड्रायव्हर, गार्ड, पीडब्ल्यूआय (रुळांवर देखरेख करणारा इन्स्पेक्टर), सगळी गोरी-गहूवर्णी मंडळी, डिसेंबर महिना लागला की त्यांच्या क्वार्टरमधून कलकल, म्हणजे नाताळचा गोड पदार्थ, तळल्याचा वास यायचा आणि रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे क्लबात, डान्स असायचा, आम्ही पोरं जाळीतून बघायचो. इगतपुरी, दौंड, मनमाड, कल्याण, जिथे जिथे जीआयपीचं, म्हणजे जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं, मोठं ठाणं तिथे हीच वस्ती. मग एकेक घर रिकामं झालं, कोण इंग्लंडला, कोण ऑस्ट्रेलियाला, कोण कॅनडाला. आंटी मात्र राहिल्या. मुलगा पर्थला गेला, नातू तिकडेच जन्मला आणि आता त्या नातवाला एकदम आपण कोण कुठले हे शोधायचा नाद लागलाय. त्याने लाळ पाठवून डीएनए टेस्ट केली आणि रिपोर्टमध्ये हिंदुस्थानचा वाटा घरच्यांनी धरला होता त्याच्या कितीतरी पट निघाला. तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर आजीला रोज एकच प्रश्न, ग्रॅनी, व्हू वॉज शी?

आता घरात काय सांगायचे बघा. खापरपणजोबा आयरिश होते, आर्मीत कॅप्टन होते आणि खापरपणजी पोर्तुगीज. ही पोर्तुगीज आजी मी ओळखत असलेल्या चार-पाच अँग्लो इंडियन घरांत तरी आहे, एका घरात ती स्पॅनिश आहे एवढाच फरक. रंग सावळा का, केस काळेभोर का, असं कोणी विचारलं की ती आजी पुढे करायची. आम्ही पण काही कमी नाही म्हणा, आमच्या घरात पण मूळ पुरुष पानिपतावर लढला होता असं सांगतात, कागद कोणी पाहिलेला नाही.

नातवाने सुरुवात उलटी केली होती. आयर्लंडमध्ये त्या आडनावाचे कोण कोण होते ते काढत बसला आणि शेकड्याने सापडले, मग कोणता आपला? मी त्याला म्हटलं बाबा असं नाही, आपण सर्व्हिस बुक तपासतो तसं शेवटच्या पानावरून मागे जायचं. आंटींचा जन्माचा दाखला, मग त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाची चर्चमधली नोंद, त्यात वराच्या वडलांचं नाव आणि धंदा, मग त्या वडलांचा बाप्तिस्मा, त्यात परत त्यांच्या बापाचं नाव, हुद्दा आणि गाव. एक कडी नक्की झाल्याशिवाय पुढची पकडायची नाही. आपल्याकडे उपाध्याच्या वहीत एकदा गाव आणि आडनाव सांगितलं की सगळी भाऊबंदकी एका पानावर मिळते. इथे तसं नाही, प्रत्येक पिढी वेगळ्या गावात, कारण बदली. वडील ड्रायव्हर भुसावळला, आजोबा गार्ड इगतपुरीला, पणजोबा जीआयपीत फायरमन म्हणून लागले तेव्हा कल्याणला. इथपर्यंत आम्ही तीन महिन्यांत पोचलो.

आंटींच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर त्यांची वही लंडनला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर राणीच्या राज्यात चर्चच्या पाद्रीने बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी स्वतःच्या रजिस्टरात तर करायच्याच पण त्यांची नक्कल वर पाठवायची, आणि ती नक्कल शेवटी लंडनला जायची. आज ते सगळं ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांमध्ये आहे, तीन इलाख्यांचे तीन वेगळे ढीग, मद्रासच्या नोंदी १६९८ पासून, मुंबईच्या १७०९ पासून आणि बंगालच्या १७१३ पासून. त्यांचे फोटो फाइंडमायपास्ट म्हणून साइट आहे तिथे पैसे भरून दिसतात. फॅमिलीसर्च ही साइट फुकट आहे, ती अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची, तिथे यादी मिळते. आणि इंग्लंडात १९९८ साली सुरू झालेली एक संस्था आहे, फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी, तिच्या साइटवर पण नावं फुकट शोधता येतात. एक मात्र लक्षात ठेवा, कॅथलिक चर्चच्या सगळ्या नोंदी काही लंडनला गेल्या नाहीत, त्यामुळे तिथे नाव नाही म्हणजे माणूसच नव्हता असं नाही.

पणजोबा फायरमन झाले ते नुकती कुठे गाडी सुरू झालेली तेव्हा. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली हे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं, पण भोरघाट १८६३ ला आणि थळघाट १८६५ ला चढली आणि १८७० मध्ये जबलपूरवरून कलकत्त्याला जोडली गेली तेव्हा रेल्वे कंपनीला इंजिनवर माणसं पाहिजे होती. विलायतेहून आणलेला ड्रायव्हर महाग पडायचा, दारू प्यायचा, उन्हाने मरायचा. नेटिव्ह माणसाच्या हातात इंजिन द्यायची छाती नव्हती. मग मधला माणूस सापडला तो हा. पगार गोऱ्यापेक्षा कमी, काळ्यापेक्षा जास्त, राहायला क्वार्टर आणि वर रेल्वे व्हॉलंटिअर म्हणून जी हौशी पलटण असायची तिच्यात बंदूक घेऊन परेड. म्हणून आजही एखाद्या अँग्लो इंडियन घराचा माग काढायचा तर चर्चच्या खालोखाल रेल्वेचे कागद.

पणजोबांचा बाप्तिस्मा मात्र सापडेना. जन्म १८४८ च्या आसपास, घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर आईबापाची नावं आणि गावाचं नाव लिहिलेलं, पण शाई पसरून गावाचं नुसतं "जे" आणि शेवटी "एच" दिसत होतं. आम्ही मुंबई इलाख्याच्या याद्या पालथ्या घातल्या. जुन्नर बघितलं, जळगाव बघितलं (त्या वेळी जळगाव म्हणजे काय होतं, पण तरी), जेजुरी सुद्धा बघितलं, म्हणजे आमची मजल कुठपर्यंत गेली होती बघा. सहा महिने काही नाही. एक दिवस नातवाने कंटाळून नुसतं आडनाव टाकून तिन्ही इलाख्यांत शोधलं आणि नोंद निघाली मद्रासच्या खात्यात. आंटी एकदम खट्टू, "आम्ही काय मद्रासी?" गाव वाचलं तर जालना. जे-ए-यू-एल-एन-ए-एच असं स्पेलिंग, म्हणून आपल्याला सुचलं नाही.

झालं होतं असं की जालन्याची छावणी निजामाच्या मुलखात होती पण तिथे फौज असायची मद्रासची, त्यामुळे तिथला पाद्री मद्रासचा आणि त्याने पाठवलेली नक्कल मद्रासच्या ढिगात. कामठीचं पण तसंच, नागपूरच्या बाजूला असून जुन्या नोंदी मद्रासकडे. हे मी मुद्दाम लिहितोय कारण विदर्भ-मराठवाड्यातलं कोणी शोधत असेल तर आमच्यासारखे सहा महिने घालवू नका. आजचा नकाशा बाजूला ठेवायचा आणि त्या वेळी तिथे फौज कोणाची होती एवढंच विचारायचं.

आणि मग ते कॅप्टनचं प्रकरण. नोंदीत बापाच्या हुद्द्यापुढे लिहिलेलं, कंडक्टर. व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं शांतता. आंटी म्हणाल्या, "बसचा?" १८४८ साली कुठली बस! मी पण आधी चक्रावलो, मग वाचलं की कंपनीच्या फौजेत दारूगोळ्याच्या आणि सामानाच्या भांडारावर देखरेख करणाऱ्या वॉरंट हुद्द्याच्या माणसाला कंडक्टर म्हणायचे. शिपायापेक्षा वर, ऑफिसरपेक्षा खाली. तर घराण्याचा कॅप्टन असा कंडक्टर निघाला. कंपनीच्या कागदात असे फसवे शब्द भरपूर आहेत, रायटर म्हणजे लेखक नाही, कंपनीचा खालच्या पायरीवरचा कारकून. आणि सगळ्यात फसवा शब्द अँग्लो इंडियन हाच, कारण १९११ च्या आधीच्या पेपरात अँग्लो इंडियन म्हणजे हिंदुस्थानात राहणारा अस्सल इंग्रज, मिश्र रक्ताच्या माणसाला यूरेशियन म्हणायचे, त्याच्याही आधी हाफ-कास्ट आणि ईस्ट इंडियन. १९११ मध्ये सरकारने नाव बदललं. आता मुंबई-वसईच्या वाचकांना ईस्ट इंडियन म्हटलं की आपली आगरी-कोळी वळणाची मराठी बोलणारी, लुगडं नेसणारी ख्रिस्ती माणसं आठवणार, पण त्यांनी ते नाव घेतलं १८८७ मध्ये. १८३० साली जॉन रिकेट्स नावाचा माणूस ईस्ट इंडियनांचा अर्ज घेऊन विलायतेच्या पार्लमेंटसमोर गेला होता ते हे यूरेशियन. त्याच सुमाराला, माल्कम मुंबईचा गव्हर्नर होता (१८२७ ते १८३०), त्याने पुण्याजवळ भीमेकाठी फुलशहरला, म्हणजे फुलगावला, दुसऱ्या बाजीरावाचा वाडा या लोकांना शेती करून राहायला दिला होता. पेशव्याच्या वाड्यात यूरेशियन शेतकरी! पुण्यातल्या कोणी यावर सविस्तर लिहिलं तर वाचायला आवडेल.

बरं, मुख्य गोष्टीकडे येतो. कंडक्टरसाहेबांचं नाव मिळालं, रेजिमेंट मिळाली, ते मेले कधी ते पण मिळालं. नातू खूश. आयर्लंडचा कोणता परगणा ते पण फौजेच्या भरतीच्या कागदात निघालं. आंटी मात्र म्हणाल्या, "आणि ती?"

तिच्या नावापुढे फुकट साइटच्या यादीत नुसतं मेरी. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. मग नातवाने एका महिन्याचे पैसे भरले आणि लंडनच्या पानाचा फोटो उघडला. मला त्याने तो पाठवला, मी मुलाकडून लॅपटॉपवर मोठा करून घेतला. तिरक्या इंग्रजी अक्षरातलं पान, वर जालना आणि साल, अठराशे चाळीसच्या पुढचं. एकाच तारखेच्या तीन नोंदी. पहिली बाप्तिस्म्याची, "मोठ्या वयाची नेटिव्ह बाई", नाव ठेवलं मेरी. आईबापाच्या रकान्यात एक आडवी रेघ. दुसरी लग्नाची, कंडक्टर आणि मेरी, त्याची सही, तिच्या नावापुढे फुली आणि बाजूला लिहिलेलं की ही तिची निशाणी. तिसरी परत बाप्तिस्म्याची, दोन वर्षांची मुलगी, बाप तोच कंडक्टर, आई मेरी. म्हणजे मुलगी लग्नाआधीची. मला आंटींना कसं सांगावं कळेना, पण सांगितलं, तर त्या टाळी देऊन हसल्या, "म्हणजे लिव्ह-इन! आणि मला माझ्या आईने डान्सला एकटं जाऊ दिलं नाही!"

हसून झाल्यावर मात्र त्या बराच वेळ त्या आडव्या रेघेकडे बघत होत्या. त्या रेघेवर बोट ठेवून मला म्हणाल्या, "हिचं नाव काही तरी असेलच ना भाऊ. सकाळी उठली तेव्हा होतं."

संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे जे आंटी एका वाक्यात बोलल्या. वंशावळ शोधणारे सगळे साहेबाच्या मागे लागतात, तो सापडतोच, कारण सरकारने त्याचे दहा कागद करून ठेवलेत. बाई सापडत नाही. आणि हे आपोआप झालेलं नाही. १६८७ मध्ये कंपनीच्या डायरेक्टरांनी मद्रासला लिहिलं होतं की शिपायांनी इथल्या बायकांशी लग्न केलं तर चांगलंच आहे, मूल झालं की बाप्तिस्म्याच्या दिवशी आईला एक पगोडा द्या. पगोडा म्हणजे सोन्याचं नाणं. म्हणजे गरज होती तेव्हा बाईला बक्षीस होतं. शंभर वर्षांनी पोरं मोठी झाली, संख्या वाढली, नोकऱ्यांवर डोळा पडला, तर १७८६ मध्ये कलकत्त्याच्या अनाथाश्रमातल्या ऑफिसरांच्या मिश्र पोरांना शिकायला विलायतेला पाठवणं बंद, १७९१ मध्ये कंपनीच्या मोठ्या नोकऱ्या बंद, १७९५ मध्ये फौजेत ढोल-पावा वाजवायचा किंवा घोड्यांना नाल ठोकायचे, बाकी बंद. अट काय, तर आई नेटिव्ह असेल तर. मग कोण शहाणा माणूस आईचं खरं नाव कागदावर लिहील सांगा? अशी बाहेर पडलेली पोरं मग आपल्याकडेच यायची. जेम्स स्किनर घ्या, बाप स्कॉटिश, आई राजपूत, कंपनीत जागा नाही म्हणून शिंद्यांच्या फौजेत लागला, १८०३ ला इंग्रज-मराठा युद्ध पेटलं तेव्हा शिंद्यांच्या फ्रेंच सेनापतीने, पेरॉनने, असल्यांना काढून टाकलं, म्हणून तो इंग्रजांकडे गेला आणि त्याचा पिवळ्या डगल्यांचा रिसाला उभा राहिला. कंपनीला पाहिजे तेव्हा हा आपला, नको तेव्हा नेटिव्ह.

श्रीमंत घरातली पोरं तर जहाजावर चढली की नाव बदलायची. हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला कंपनीचा वकील, कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची मुलं १८०५ मध्ये विलायतेला पाठवली, इथे साहिब आलम आणि नूरुन्निसा, तिथे विल्यम आणि कॅथरीन. आई इथेच राहिली, पोरांची परत भेट नाही. आणि सुरतेची एलिझा केवार्क, तिच्या मुलीला पण बापाने स्कॉटलंडला पाठवून दिलं, तर २०१३ मध्ये डीएनए तपासून सांगितलं की इंग्लंडचा प्रिन्स विल्यम आईच्या बाजूने तिच्या वंशातला. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे आई-लेकीच्या वाटेने येणारा हा डीएनए दोनशे वर्षं शाबूत आणि कागदावर मात्र त्या बाईचं कुळ काय यावर आजही वाद. आंटींच्या बाबतीत तर ती पण सोय नाही, कारण मेरी त्यांच्या बापाच्या बापाच्या बापाची आई, मधे सगळे पुरुष. टेस्ट एवढंच सांगते की हिंदुस्थान. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही.

इंग्रज गेले म्हणून बदललं म्हणावं तर आपल्या राज्यघटनेत पण, कलम ३६६ काढून बघा, अँग्लो इंडियन कोण तर ज्याचा बाप किंवा बापाच्या बाजूचा कोणी पुरुष पूर्वज युरोपियन वंशाचा आणि जो इथे राहणाऱ्या आईबापांच्या पोटी इथेच जन्मला. आई कोण याच्याशी घटनेला कर्तव्य नाही. त्यामुळे आंटींच्या मुलाची पोरं इथे जन्मून इथेच राहिली असती तर अँग्लो इंडियन ठरली असती आणि त्यांच्या मुलीने नाशिकच्या मराठ्याशी लग्न केलं तिची पोरं नाहीत, कलकल दोघांकडे तळतात. लोकसभेत त्यांच्या दोन जागा नेमून भरायचे त्या पण जानेवारी २०२० पासून गेल्या, त्यावर मला इथे बोलायचं नाही, तो वेगळा विषय आहे. आणि पूर्वी ऑस्ट्रेलियाला जायचं तर गोऱ्या आजोबाचा पुरावा लागायचा, ते गोऱ्यांसाठीचं धोरण १९७३ मध्ये पूर्ण मोडलं. तोवर घराघरांत काळ्या आजीचे फोटो ट्रंकेच्या तळाला गेलेले. आंटी सांगतात त्यांच्या काकांनी जाताना एक फोटो फाडला होता, कोणाचा ते त्यांना विचारायची तेव्हा हिंमत नव्हती.

आता एक गंमत सांगतो, पुरावा म्हणून नाही. आंटींच्या घरात सगळं बोलणं इंग्रजीत, पण पहिल्यापासून डावाला त्या पळी म्हणतात. "पास मी द पळी." त्यांची आई म्हणायची, आजी म्हणायची. बॉल करी, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांची आमटी, ढवळायची पळीने. आणि शिंकं. फ्रिज आला तरी शिळी पोळी शिंक्यावर, त्याला पण शिंकंच म्हणतात. मी आंटींना म्हटलं, बघा, मेरी मराठी होती, जालन्याकडचीच कोणी. आंटी म्हणाल्या की आमच्याकडे तीन पिढ्या मराठी बायका स्वयंपाकाला होत्या, शब्द तिकडून पण आला असेल. बरोबर आहे त्यांचं. आणि मद्रासच्या फौजेबरोबर तेलुगू-तामिळ बायका पण मोठ्या संख्येने जालन्याला आलेल्या असायच्या, मेरी त्यांच्यातली पण असू शकते. पण मला ती पळी काही डोक्यातून जात नाही.

आता खरं काम. लंडनला आहे ती नक्कल. कारकुनाने उतरवलेली. ती फुली पण मेरीने काढलेली नाही, कारकुनाने तिची म्हणून काढलेली. मेरीच्या हाताची फुली मूळ रजिस्टरात. आणि मूळ रजिस्टरात कधी कधी समासात पाद्रीने पूर्वीचं नाव, गाव, कोणाची मुलगी, असं बारीक लिहिलेलं असतं जे नक्कल करताना गाळलं जातं. म्हणून मी मूळ शोधायला निघालो. एका ठिकाणी, नाव लिहीत नाही कारण तिथला माणूस बिचारा चांगला होता, मला कपाट उघडून दाखवलं. वरच्या दोन खणांत रजिस्टरं धड होती. तिसऱ्यात वाळवीची माती. त्याने काठीने ती हलवली तर आतून चामड्याची पाठ निघाली, पानं नाहीत, नुसती पाठ आणि त्यावर सोनेरी आकडे. आम्ही दोघं काही बोललो नाही, त्याने कपाट लावून घेतलं. दुसऱ्या एका ऑफिसात जुनी सर्व्हिस शीट बघायची होती, तर कळलं की जागा पाहिजे म्हणून गठ्ठे रद्दीत गेले, किलोच्या भावाने, कधी ते पण कोणाला आठवत नव्हतं. तिसरीकडे दफनभूमीत दगड उचलून नेलेले, एक दगड जवळच्या नळावर धुणं धुवायला लावलेला, अक्षरं वरच्या बाजूला, "सेक्रेड टू द मेमरी" एवढं साबणात दिसत होतं.

माझी काही सगळं सरकारने करावं अशी मागणी नाही. मुंबईला काळ्या घोड्यापाशी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख विभाग आहे, तिथले जुने कागद टिकले तसे जिल्ह्याच्या गावातले टिकत नाहीत, कारण तिथे ते कोणाचेच नसतात. अँग्लो इंडियन निघून गेले, राहिलेल्या देशी ख्रिस्ती मंडळींना वाटतं हे गोऱ्यांचं आहे, गोऱ्यांना वाटतं आमची नक्कल आहे लंडनला. तर ज्यांच्या ताब्यात १९०० च्या आधीची रजिस्टरं असतील त्यांनी दारं बंद करून का होईना, एखाद्या कॉलेजच्या पोराला बसवून प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. समासासकट. स्कॅनरची वाट बघू नका. दगडांचे पण फोटो काढा, सकाळी उन्ह तिरकं असताना, अक्षरं उठून दिसतात. असे फोटो जमवणारी एक संस्था इंग्लंडात १९७६ पासून आहे, दक्षिण आशियातल्या जुन्या युरोपियन कबरींसाठीच.

आणि दुसरी विनंती वाचकांना, हीच जास्त महत्त्वाची. ज्या बायका अशा बाटून गेल्या त्या आकाशातून पडलेल्या नव्हत्या, त्या तुमच्या-आमच्या घरातल्याच होत्या. कुठल्या तरी घरात ती मेली असं समजून अंघोळ केली असेल, वाळीत पडायला नको म्हणून दंड भरला असेल. जालना, अंबड, बदनापूर, भोकरदन त्या बाजूला कोणाकडे जुने मोडी कागद असतील, जातपंचायतीचे, दंडाचे, वाटणीचे, आणि त्यात अमक्याची लेक छावणीत टोपीकराच्या घरी राहिली असा उल्लेख असेल तर तो कागद दडवू नका. दीडशे-पावणेदोनशे वर्षं झाली, आता कोणाची इज्जत जात नाही. त्र्यंबकच्या उपाध्यांनाही विचारायचंय की वहीत एखाद्या लेकीचं नाव लिहून वर रेघ मारलेली असते का, आणि असली तर खालचं नाव वाचता येतं का. उपाध्यांनो, तुम्हीही वर्तमानपत्र वाचता, कळवा.

कोणाला काही सापडलं तर पेपरच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवावं, नाव-पत्ता तुमच्याकडे वेगळा दिलाय, तो छापू नये. पत्र छापून आलं की मी आंटींना वाचून दाखवणार आहे. त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय की पळीचं राहू दे पण लिव्ह-इनचं गाळ, चर्चमधल्या बायका मराठी वाचतात. मी गाळलेलं नाही, बघू काय होतं ते.

आपला,
एक जुना वाचक, निवृत्त रेल्वे कर्मचारी
भुसावळ